ठिणगीविना पेटणारं इंजिन

आमच्या गल्लीतला एक टेम्पोवाला पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातून माल उचलून दुकानादुकानांत पोचवतो. त्याचा जुना छोटा हत्ती आता थकलाय. परवा त्याने विचारलं, "काका, नवा पेट्रोलचा घेऊ की डिझेलचा? डिझेल दाट असतं, म्हणून त्यात ताकद जास्त, असं सगळे म्हणतात. पण आता डिझेलही कुठे स्वस्त राहिलंय?"

'दाट म्हणून ताकद' हे मी गॅरेजमध्ये ऐकलंय, आणि इंजिनिअर झालेल्या मुलांकडूनही ऐकलंय. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. लिटरभर पेट्रोलचं वजन साधारण 740 ग्रॅम, लिटरभर डिझेलचं 830 ग्रॅमच्या आसपास. किलोमागे दोघांतली ऊर्जा जवळजवळ सारखीच. म्हणजे आपण लिटरवर मोजून घेतो तेव्हा डिझेलमध्ये दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त मिळते, इतकंच. डिझेलची गाडी मात्र लिटरमागे पंचवीस-तीस टक्के जास्त पळते. मग उरलेलं ॲव्हरेज येतं कुठून?

त्यासाठी सायकलचा पंप आठवा. हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं. थोडं घर्षण असतं, पण खरी गरमी दाबलेल्या हवेची असते. समोरून येणाऱ्या चेंडूवर बॅट पुढे नेत मारली, की चेंडू आला त्यापेक्षा वेगाने परत जातो. पंपातला दट्ट्या ही तशीच पुढे सरकणारी बॅट. त्याच्यावर आपटणारा हवेचा प्रत्येक रेणू जास्त वेग घेऊन परततो, आणि रेणूंचा वेग वाढणं म्हणजेच तापमान वाढणं.

डिझेल इंजिनात हेच टोकाला नेलेलं असतं. सिलिंडरमध्ये फक्त हवा येते आणि पिस्टन तिला सोळा ते अठरा पट दाबतो. पुण्यातली 30 अंशांची हवा अठराव्या हिश्श्यात कोंबली, तर कागदावरच्या हिशोबाने ती 690 अंशांपर्यंत तापते. प्रत्यक्षात काही उष्णता सिलिंडरच्या भिंती खातात, तरी पाचशेच्या वर ती सहज जाते. डिझेलला आपोआप पेट घ्यायला 210 ते 250 अंश पुरतात. त्यामुळे नेमक्या क्षणी नोझलमधून डिझेलची बारीक फवारणी झाली, की जाळ होतो. स्पार्क प्लगची गरजच नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 साली आउग्सबुर्गमध्ये हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, तेव्हा त्याने इंधनातली सुमारे 26 टक्के ऊर्जा कामाला लावली होती. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हतं.

मग पेट्रोलही तसंच का दाबत नाहीत? इथे एक गंमत आहे. काडी दाखवली की पेट्रोल भडकतं, डिझेल सहसा भडकत नाही, कारण पेट्रोलची वाफ थंडीतही होते आणि पेटते ती वाफ. पण काडीच दाखवायची नाही, नुसतं तापवायचं, असं ठरवलं तर आधी पेटतं ते डिझेल! त्याच्या रेणूंच्या साखळ्या लांब आणि सरळ असतात, त्या उष्णतेने लवकर तुटतात. पेट्रोलचे रेणू आखूड आणि फांद्या फुटलेले, ते जास्त तग धरतात. आपोआप न पेटण्याची चिकाटी म्हणजे ऑक्टेन, आणि चटकन पेटण्याची तयारी म्हणजे सीटेन. तरीही पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे दहा-अकरा पटींच्या फार पुढे दाबलं तर ते ठिणगीची वाट न बघता भलत्याच वेळी पेटतं. मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच.

आता मूळ मुद्दा. जितकं जास्त दाबाल, तितकीच जळलेल्या वायूला फुगायला जागा मिळते. गरम वायू पिस्टनला ढकलत जातो आणि ढकलता ढकलता थंड होत जातो. जास्त वेळ ढकलला तर जास्त काम देऊन जातो आणि सायलेन्सरमधून कमी उष्णता वाया जाते. सूत्रात मांडायचं तर कमाल कार्यक्षमता = 1 − 1/r^0.4, इथे r म्हणजे किती पट दाबलं तो आकडा. r ला 10 धरा, उत्तर 60 टक्के. r ला 18 धरा, साडेअडुसष्ट टक्के. (डिझेलचं जळणं जरा लांबत असल्याने त्याचा आकडा थोडा खाली येतो.) घर्षण आणि रेडिएटरमधून जाणारी उष्णता वजा केली, की चांगल्या पेट्रोल इंजिनाच्या हाती 30-35 टक्के लागतात, मोठ्या ट्रकच्या डिझेल इंजिनाच्या हाती 40-45.

दुसरी बचत श्वासात आहे. पेट्रोलला हवेशी ठराविक प्रमाण लागतं, वजनाने सुमारे साडेचौदाला एक. म्हणून स्वारगेटच्या गर्दीत कमी ताकद हवी असली, की इंधनाबरोबर हवाही कमी करावी लागते. थ्रॉटलची झडप मिटते आणि इंजिन जणू बारीक नळीतून श्वास ओढत राहतं. त्या ओढण्यातच पेट्रोल जळतं. डिझेल इंजिन मात्र जवळजवळ कायम छातीभर हवा घेतं आणि फक्त डिझेल कमी-जास्त करतं.

याच ठिकाणी एक गैरसमज मला मनापासून खुपतो. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे येणारा तो लांब उतार. तिथे डिझेल वाचवायचं म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडणारे ड्रायव्हर आहेत. गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल, तर चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल देणं बंद करतो. खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावं लागतं, म्हणजे डिझेल जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा रोध आणि धुराची वाट अडवून गाडी रोखणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकची मदत दोन्ही गेलं, सगळा भार ब्रेकवर आला, ब्रेक तापून निकामी झाले. त्या उतारावर किती माणसं गेली, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

महागाई वाढली की आणखी एक पीक येतं: इंधनाच्या पाइपवर बसवायचं चुंबक, टाकीत टाकायची गोळी, पाण्यापासून गॅस करून ॲव्हरेज दुप्पट करणारं किट. डिझेलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा उपयोगी असा काहीही परिणाम होत नाही. पाणी फोडायला लागणारी वीज त्याच इंजिनातून येते आणि ती परत मिळते त्याहून जास्त असते. 1966 साली स्थापन झालेली, वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी वाहन-संशोधन संस्था एआरएआय ज्या शहरात आहे, तिथल्या माणसाने मोजमाप मागितल्याशिवाय यावर एक रुपयाही घालवू नये.

आता पैशांचं. 2012 साली पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरला तीस रुपयांच्या वर फरक होता, कारण डिझेलवर अनुदान होतं. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव खुले झाले आणि फरक आटला. जून 2020 मध्ये दिल्लीत तर डिझेल पेट्रोलच्या वर गेलं. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून धुराच्या प्रदूषणावरचे बीएस-6 नियम आले. डिझेल गाड्यांना काजळीचा फिल्टर, मोठ्यांना धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकीही लागली, आणि डिझेल इंजिनं महागली. तो फिल्टर साफ व्हायला धुराचं तापमान साधारण सहाशे अंशांवर न्यावं लागतं. डिझेलचा धूर मुळातच थंड, कारण वर सांगितल्याप्रमाणे तो पिस्टनला जास्त ढकलून निवलेला असतो. त्यामुळे दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत फिल्टर तुंबत राहतो.

आम्ही पाटीवरच हिशोब मांडला. समजा पेट्रोल 104 रुपये, डिझेल 91. पेट्रोलचा टेम्पो लिटरला 15 किलोमीटर देतो, डिझेलचा 20. आणि डिझेलचा टेम्पो लाखभराने महाग. रोज 20 किलोमीटर फिरलं तर दिवसाला जेमतेम 48 रुपये वाचतात. वर्षाला 300 दिवस धरले तरी लाख फिटायला सात वर्षं. रोज 150 किलोमीटर फिरलं तर दिवसाला 357 रुपये वाचतात आणि लाख वर्षाच्या आत वसूल होतात.

त्याच्या फेऱ्या गुलटेकडी ते सहकारनगर, फार तर धनकवडी. त्याने पेट्रोलचा टेम्पो बुक केला. नारायणगावहून रोज टोमॅटो आणणारा त्याचा मेव्हणा डिझेलवरच राहणार आहे. उतारावर गिअरमध्येच राहायचं, हे मात्र दोघांनीही माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं.