वढवाण्याचा पट्टकादंब आणि 119वी जागा

दिवाळी सरली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, आणि खाली मजकूर: 'एव्हरेस्टवरून उडत थेट बडोद्यात! प्राणायामसिद्ध पक्षी!'

पक्षी खरा आहे. हा पट्टकादंब, बदकांच्याच कुळातला. बडोद्याजवळच्या डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव बडोदा संस्थानाने 1910 साली शेतीच्या पाण्यासाठी बांधला, 2021 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. थंडीत तिथे तलवार बदकं, थापट्या, लालसरी यांची गर्दी असते आणि कडेला हे कादंब. समुद्रकाठी लोक भूशिरावर दुर्बीण लावून बदकांच्या माळा मोजतात. बडोद्याच्या नशिबी ते नाही. इथे पाहुणे बरेचदा रात्रीत उतरतात. काल मोकळं दिसलेलं पाणी पहाटे गजबजलेलं असतं.

एव्हरेस्टची कथा मात्र फुगवलेली. पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात सर्वांत उंच नोंद 7,290 मीटरची मिळाली. 95 टक्के नोंदी 5,500 मीटरच्या खालच्याच. ते शक्यतो दऱ्याखोऱ्यांच्या कलाने, डोंगराला धरून उडतात, तेही बहुधा रात्री आणि पहाटे. थंड हवा दाट असते, पंखांना आधार जास्त मिळतो.

तरी 5,500 मीटरवर ऑक्सिजन बडोद्याच्या निम्माच. तिथे पंख मारायचे कसे? माझ्या मते खरी गंमत रक्तात आहे. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रथिन. त्याच्या चार साखळ्या असतात, दोन अल्फा, दोन बीटा, आणि प्रत्येक साखळी अमिनो आम्लांच्या मण्यांची. ऑक्सिजन नसताना हा रेणू 'ताठ' असतो आणि त्याची पकड ढिली असते. ऑक्सिजन बसू लागला की तो 'सैल' होतो आणि पकड घट्ट होते. ताठपणा टिकवायला साखळ्यांचे सांधे मदत करतात. बहुतेक पक्ष्यांत, आणि आपल्यातही, अल्फा साखळीच्या 119व्या जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल असतं. ते शेजारच्या बीटाच्या 55व्या जागेला सुताराच्या पाचरीसारखं टेकतं. कादंबात तिथे बारकं अ‍ॅलनीन आलं. पाचर गेली, सांधा हलला, ताठ अवस्था कमजोर झाली, आणि विरळ हवेतही ऑक्सिजन पकडला जाऊ लागला. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये प्रयोगशाळेत हाच एक बदल केला, तर त्याचीही ऑक्सिजनची ओढ वाढली! अँडीज पर्वतातल्या हंसाने तर हीच फट पलीकडून पाडली आहे: त्याच्यात बदल बीटाच्या 55व्या जागी. बाकी फुप्फुसं मोठी, स्नायूंत केशवाहिन्या दाट वगैरे आहेच.

यात प्राणायाम कुठेच नाही. आणि दूध-पाणी वेगळं करण्याचंही विसरा. हा गवत आणि कोवळं पीक खाणारा प्राणी आहे. चरतो बहुतेक रात्री, त्यामुळे उन्हं वर आल्यावर बांधावर पोचलात तर हिमालय ओलांडून आलेला हा पराक्रमी एका पायावर, चोच पाठीत खुपसून, झोपलेला दिसेल.