मूत्रपिंडातील लहान गाठींचे उष्णता-ॲब्लेशन

मूत्रपिंडातली कर्करोगाची लहान गाठ कापून न काढता, त्वचेतून सुई घालून जागच्या जागी उष्णतेने मारण्याचा उपचार. सुई कुठवर पोहोचली हे सीटी स्कॅनवर किंवा सोनोग्राफीवर पाहतच पुढे जावे लागते. 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत गुण चांगला येतो. त्यापुढे गाठीची कड जिवंत राहण्याची भीती वाढते.

रेडिओफ्रिक्वेन्सी पद्धतीत सुईच्या टोकातून निघालेला उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह मांड्यांवर चिकटवलेल्या पट्ट्यांवाटे परततो. त्याने ऊतींतले आयन (विद्युतभारित कण) वेगाने हेलकावतात आणि ऊती तापतात. 60 अंश सेल्सिअसच्या वर पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. पण 100 अंश ओलांडले की सुईभोवतीचा भाग करपतो, वाफ धरते आणि प्रवाहच अडतो. लगत मोठी रक्तवाहिनी असेल तर वाहते रक्त उष्णता ओढून नेते. सूक्ष्मलहरींनी ऊती तापवणाऱ्या मायक्रोवेव्ह पद्धतीत या दोन्ही अडचणी कमी, शिवाय पट्ट्याही लागत नाहीत.

खरा कस लागतो तो शेजार वाचवताना. आतडे गाठीला खेटून असले, तर मधल्या चरबीत आणखी एक बारीक सुई घालून 5 टक्के डेक्स्ट्रोजचे (एक प्रकारच्या साखरेचे) पाणी सोडतात. पडद्यावर आतडे हळूहळू दूर सरकताना दिसते. रेडिओफ्रिक्वेन्सीसाठी इथे सलाइन चालत नाही, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. मूत्रवाहिनी जवळ असेल तर मूत्राशयाकडून नळी चढवून तिच्यात थंड डेक्स्ट्रोज सोडत राहतात. मूत्रवाहिनी भाजली तर पुढे आकसते आणि लघवी अडते. म्हणून मूत्रपिंडाच्या मध्यभागातली गाठ अवघड. बाहेरच्या बाजूला उठून आलेली त्यामानाने सोपी, भोवतीची चरबी उष्णता धरून ठेवते.

वय झालेल्या, भूल व शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या रुग्णांना हा उपचार विशेष उपयोगी. गाठ त्याच जागी पुन्हा वाढण्याचा संभव शस्त्रक्रियेपेक्षा थोडा जास्त असतो, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे. बायोप्सीही आधीच घ्यावी. नंतर तपासायला धड नमुना उरत नाही.

उपचारानंतरच्या स्कॅनमध्ये गाठ तशीच दिसते आणि रुग्ण धास्तावतो. पण पाहायचा असतो तो आकार नव्हे, तर शिरेतून दिलेले, रक्ताबरोबर पसरून स्कॅनमध्ये उजळ दिसणारे कॉन्ट्रास्टचे औषध. ते गाठीत शिरले नाही तर तिथला रक्तपुरवठा संपला आहे. पुढे कधी कडेला उजळ ठिपका दिसला, तर तेवढ्या जागी पुन्हा सुई घालता येते.