उकळी लवकर फुटावी म्हणून

आधण ठेवलेल्या पातेल्याचा तळ नीट पाहा. बुडबुडे सगळीकडून येत नाहीत; ठरावीक ठिपक्यांतूनच त्यांची माळ सुटते. तिथे एखादा ओरखडा असतो आणि त्यात हवा किंवा वाफ अडकलेली असते. बुडबुडा जितका लहान, तितका पृष्ठताण त्याला जोरात चिरडतो. त्यामुळे आधीचीच थोडी वाफ हाताशी असली की काम सोपं. गुळगुळीत धातूवर मात्र उत्कलनबिंदूच्या बरंच वर गेल्याशिवाय उकळी धरत नाही.

हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या प्लांटमध्ये हे फार महागात पडतं. तिथे एका बाजूला द्रव ऑक्सिजन उकळतो आणि त्याला लागणारी उष्णता पलीकडे द्रवरूप होणारा नायट्रोजन पुरवतो. पण साध्या दाबाला ऑक्सिजनचा उत्कलनबिंदू -183 अंश, तर नायट्रोजनचा -196. म्हणजे उष्णता उलटीच वाहायची! दाब वाढला की उत्कलनबिंदूही वर चढतो, म्हणून नायट्रोजन पाच-सहा पट दाबाखाली ठेवतात. दोघांच्या तापमानातला फरक एखाद्या अंशाने कमी चालला, तरी नायट्रोजनला दाब कमी लागतो आणि कॉम्प्रेसरचा भार हलका होतो. आणि इथलं वीजबिल मुख्यतः कॉम्प्रेसरचंच असतं.

युनियन कार्बाइडच्या (होय, भोपाळवालीच) लिंडे विभागातल्या रॉबर्ट मिल्टन यांनी यावर सच्छिद्र लेप काढला. पेटंट 1968 चं. तांब्याची बारीक भुकटी बाइंडरने द्रवाला उष्णता देणाऱ्या नळीवर चिकटवायची आणि ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत तापवायची. तांबं 1085 अंशांना वितळतं. भट्टी त्याच्या अलीकडेच थांबवतात. बाइंडर उडून जातो. कण वितळत नाहीत, पण जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे अणू सरकत सरकत पक्का सांधा धरतात. हेच सिंटरिंग. खरं कसब इथेच आहे: ताव जास्त झाला तर भोकं बुजतात, कमी पडला तर लेप बोटानेही निघून येतो.

तयार थर जेमतेम पाव मिलिमीटरचा. आतल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने एका तोंडातून वाफ बाहेर पडते, शेजारच्या तोंडातून द्रव आत शोषला जातो. बुडबुडा सुटला तरी मागे थोडी वाफ उरतेच, त्यामुळे पुढच्याला नव्याने सुरुवात करावी लागत नाही. उकळणाऱ्या बाजूची उष्णता देण्याची क्षमता गुळगुळीत नळीच्या साधारण दहापट होते.

पुढे अशा नळ्या इथिलीनच्या प्लांटमध्ये आणि रिफायनरीतही गेल्या. मात्र द्रव स्वच्छ हवा. गाळ किंवा चिकट पॉलिमर धरणाऱ्या प्रवाहात ही भोकं चोंदतात आणि ब्रश घालून ती साफ करता येत नाहीत. तिथे साधी नळीच बरी.