हरवलेल्या सरोवराच्या तळावरून : रेड नदीची पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानातली रेड नदी उत्तरेकडे वाहते. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांच्या सीमेवर, वॉपटन आणि ब्रेकनरिज या जोडगावांपाशी ऑटर टेल आणि ब्वा द सू या दोन नद्या एकत्र येतात. त्या संगमापासून पुढच्या प्रवाहाला रेड म्हणतात. टेक्सास-ओक्लाहोमाच्या सीमेवरून वाहणारी रेड ही वेगळी नदी आहे. आपली रेड दोन राज्यांची सीमा आखत फार्गो-मूरहेड, ग्रँड फोर्क्स, पेम्बिना अशी गावे मागे टाकते, कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात शिरते, विनिपेग शहरातून जाते आणि विनिपेग सरोवराला मिळते. लांबी सुमारे ८८५ किलोमीटर. सरोवरातून तेच पाणी नेल्सन नदीने हडसन उपसागरात जाते.

दर काही वर्षांनी वसंत ऋतूत या नदीच्या पुराच्या बातम्या येतात. फार्गोत वाळूची पोती भरणारे विद्यार्थी, मॅनिटोबात बांधांच्या कड्यात बेटासारखी उरलेली गावे अशी छायाचित्रे छापली जातात आणि त्या वर्षीच्या बर्फाचे आकडे दिले जातात. बर्फाचा हिशेब महत्त्वाचा आहेच, पण ही नदी अशी का वागते याचे उत्तर त्याच्या कितीतरी मागे, हिमयुगाच्या अखेरीला सापडते.

त्या काळी कॅनडावर पसरलेली प्रचंड हिमचादर उत्तरेकडे मागे सरकत होती. जमिनीचा उतार उत्तरेकडे आणि उत्तरेची वाट बर्फाच्या भिंतीने बंद, त्यामुळे वितळलेले पाणी त्या भिंतीच्या पायथ्याशी साचत गेले. आजची उत्तर अमेरिकेतली पाचही महासरोवरे एकत्र केली तरी त्यांहून मोठे सरोवर काही काळ येथे होते. त्याचे जादा पाणी दक्षिणेकडे एका खिंडीतून ओसंडत असे आणि त्या लोंढ्याने आजच्या मिनेसोटा नदीचे रुंद खोरे कोरले. बर्फ आणखी मागे हटल्यावर दुसऱ्या वाटा खुल्या झाल्या आणि सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी सरोवर कायमचे रिते झाले. उरला तो गाळाचा सपाट तळ आणि त्यावरून वाट शोधत निघालेली ही नदी.

हे सगळे उलगडायला बराच काळ लागला. १८२३ मध्ये मेजर स्टीफन लाँग यांची मोहीम या भागातून गेली, तेव्हा तिच्यातले भूवैज्ञानिक विल्यम कीटिंग यांनी ही जमीन एके काळी पाण्याखाली असावी असे नोंदवले. पुढे वॉरन अपहम यांनी सरोवराच्या जुन्या किनाऱ्यांचा मागोवा घेत मैलोनमैल पायपीट केली आणि हिमयुगाचा सिद्धांत मांडणाऱ्या लुई अगासी यांचे नाव १८७९ मध्ये त्या हरवलेल्या सरोवराला दिले. ते किनारे आजही दिसतात. सपाट शेतांच्या कडेने वाळू-खडीचे लांबच लांब, जेमतेम काही मीटर उंचीचे वरंबे जातात. नवख्या माणसाच्या ते लक्षातही येत नाहीत, पण चिखलाच्या या मुलखात कोरडी वाट तेवढीच होती, म्हणून जुने गाडीरस्ते त्यांच्या माथ्यावरून गेले.

सगळ्यांनी ‘रेड नदीचे खोरे’ म्हणायची पद्धत पाडली आहे, तरी नदीने कोरलेले खोरे इथे नाही. ब्रेकनरिजपासून विनिपेग सरोवरापर्यंत नदी जेमतेम ७० मीटर उतरते, म्हणजे किलोमीटरला सरासरी ८ सेंटिमीटर. एवढ्या अल्प उतारावर पाण्याला सरळ जायची घाई नसते. ती इतकी वळणे घेते, की नकाशावरच्या सरळ अंतराच्या जवळपास दुप्पट तिचा प्रवास होतो. तिचे पात्र अरुंद आहे आणि चिकणमातीत खोल रुतलेले आहे. काठाने एल्म, अॅश, कॉटनवुड आणि ओकची झाडे आहेत, आणि झाडांची ओळ संपली की क्षितिजापर्यंत शेते. ही चिकणमाती ओली झाली की बुटांना चिकटून बसते, वाळली की तिला भेगा पडतात आणि नदीकाठी ती मोठमोठ्या तुकड्यांनी खचते. काठावरची कित्येक घरे पुराने नव्हे, तर अशा खचण्याने हलवावी लागली आहेत.

उत्तरेकडे वाहण्याचा खरा त्रास मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो. उगमाकडचा दक्षिण भाग आधी तापतो, तिथला बर्फ वितळतो आणि पाणी उत्तरेकडे निघते. उत्तरेत मात्र नदी अजून गोठलेली असते. बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून पात्र तुंबवतात. जमीनही आत गोठलेली, त्यामुळे पाणी मुरत नाही. त्यात वाटेवरच्या उपनद्यांचे वितळलेले पाणी मुख्य प्रवाहातल्या लोंढ्याबरोबरच येऊन मिळते. एकदा काठ ओलांडला की पाण्याला थांबवणारा चढ नाही. परातीत ओतल्यासारखे ते चहूकडे पसरते आणि ओसरायला कित्येक आठवडे घेते. १९९७ मध्ये मॅनिटोबात काही ठिकाणी हा पसारा सुमारे ४० किलोमीटर रुंद झाला होता. लोकांनी त्याला ‘रेड सी’ म्हटले. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. नदीला पूर आला म्हणण्यापेक्षा अगासी सरोवर काही दिवसांपुरते परत आले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

भूगर्भात आणखी एक हालचाल चालू आहे. हिमचादरीच्या वजनाने दबलेली जमीन अजूनही हळूहळू वर येते आहे आणि बर्फ जिथे अधिक जाड होता त्या उत्तरेकडे हा उठाव जास्त आहे. म्हणजे मुळातच नावापुरता असलेला उतार काळाच्या ओघात आणखी कमी होतो आहे.

या नदीच्या आणि असिनिबॉइन नदीच्या संगमावर माणसांचा वावर सुमारे ६,००० वर्षांपासून असल्याच्या खुणा उत्खननात मिळाल्या आहेत. क्री, असिनिबॉइन, ओजिब्वे लोक इथे येत, व्यापार करत. पाण्याची चाल ओळखून मुक्काम हलवत राहणे हीच त्यांची पूरनीती होती. कायमची घरे बांधायची कल्पना १८१२ मध्ये लॉर्ड सेल्कर्क यांनी पाठवलेल्या स्कॉटिश वसाहतकऱ्यांबरोबर आली. सोटो लोकांचे प्रमुख पेग्विस यांनी त्या पहिल्या खडतर वर्षांत त्यांना मदत केली नसती, तर ती वसाहत तगली असती का याची शंका आहे. १८१७ मध्ये पेग्विस आणि इतर प्रमुखांनी सेल्कर्क यांच्याशी करार केला. त्यात दिलेली जमीनही नदीवरूनच मोजली होती : काठापासून दोन मैल आत.

शेतांची आखणीही नदीला धरूनच झाली. प्रत्येक कुटुंबाला काठाची अरुंद पट्टी आणि तिथून मागे दोन मैल लांब गेलेले शेत. त्यामुळे प्रत्येकाला पाणी, काठावरचे लाकूड, सुपीक माती आणि मागच्या बाजूला गवताचे कुरण मिळे. फ्रेंच आणि स्थानिक आदिवासी वंशाच्या मिलाफातून उभा राहिलेला मेटिस समाज याच पट्ट्यांवर राहत होता. त्यांच्या दोन चाकी गाड्या संपूर्ण लाकडाच्या, कातडी वाद्यांनी आवळलेल्या असत. लोखंडाचा खिळाही नसे. नदी आडवी आली की चाके काढून गाडीच तराफ्यासारखी पाण्यावर सोडत. वंगणाला धूळ चिकटते म्हणून वंगण नाही, त्यामुळे त्यांचा कर्कश आवाज फार दुरून ऐकू येई. या गाड्यांचे तांडे फोर्ट गॅरीपासून, म्हणजे आजच्या विनिपेगपासून, थेट मिनेसोटातल्या सेंट पॉलपर्यंत जात.

सीमारेषा मात्र नदीला विचारून आखली गेली नाही. फरचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश हडसन बे कंपनीच्या ताब्यातला मुलूख पाणलोटावरून ठरलेला होता : जे पाणी हडसन उपसागरात जाते, तो सगळा प्रदेश कंपनीचा. १८१८ च्या करारात ब्रिटन आणि अमेरिकेने त्याऐवजी ४९ वे अक्षवृत्त स्वीकारले आणि एकाच नदीचे वरचे अंग एका देशात, खालचे दुसऱ्या देशात गेले. १८२३ मध्ये लाँग यांच्या त्याच मोहिमेने पेम्बिनाला सीमेचा खांब रोवला, तेव्हा तिथली बहुतेक घरे अमेरिकेत असल्याचे कळले.

दुसरी रेघ अधिक महागात पडली. हडसन बे कंपनीने हा मुलूख कॅनडाला द्यायचे ठरवले आणि प्रत्यक्ष हस्तांतरणाआधीच कॅनडाचे भूमापक जमिनीचे चौकोन पाडायला आले. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी त्यांची मोजणीची साखळी एका मेटिस शेतकऱ्याच्या कुरणावरून जाऊ लागली, तेव्हा मेटिस नेते लुई रिएल आणि त्यांच्या सोबत्यांनी साखळीवर पाय ठेवून मोजणी थांबवली. त्या प्रतिकारातूनच १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत जन्माला आला. असलेल्या नदीकाठच्या पट्ट्या कायम राहिल्या, पण नव्या जमिनी चौकोनातच वाटल्या गेल्या. आज विनिपेगच्या आसपास विमानातून पाहिले तर दोन्ही आखण्या शेजारी शेजारी दिसतात. मला त्या लांबट पट्ट्या अधिक शहाण्या वाटतात : नदी कुठे आहे हे त्यांच्यातल्या प्रत्येक शेताला माहीत आहे.

पुढचे बदल झपाट्याने झाले. १८५९ मध्ये ‘अॅन्सन नॉर्थअप’ ही पहिली आगबोट फोर्ट गॅरीला पोचली. तिचे भाग सुटे करून हिवाळ्यात मिसिसिपीच्या बाजूने ओढून रेडवर आणले होते. १८७७ मध्ये मॅनिटोबाचे पहिले रेल्वे इंजिनही याच नदीतून तराफ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग जोडला गेल्यावर आगबोटींचे दिवस सरले. सरोवराच्या काळ्या गाळावर गव्हाची प्रचंड शेते उभी राहिली. पाणथळ जागांचे चर खणून पाणी काढले गेले, म्हणजे वसंतातले पाणी पूर्वीपेक्षा लवकर नदीत येऊ लागले.

पुरांची नोंद १८२६ पासून ठळक आहे. त्या वर्षी विनिपेगच्या जागी सेकंदाला अंदाजे ६,४०० घनमीटर पाणी वाहिले असावे, असा नंतरच्या अभियंत्यांचा हिशेब आहे. तेवढा मोठा पूर पुन्हा आलेला नाही. वसाहत वाहून गेली आणि अनेक जण देश सोडून दक्षिणेकडे निघून गेले. १८५२ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. पण त्यानंतर शहर वाढत गेले तसा विसर वाढत गेला. १९५० चा पूर १८२६ च्या निम्म्याहून कमी होता, तरी सुमारे एक लाख लोकांना विनिपेग सोडावे लागले.

त्या पुराच्या अनुभवातून डफ रॉब्लिन यांनी कालव्याचा आग्रह धरला. १९५८ मध्ये ते मॅनिटोबाचे प्रांतप्रमुख (प्रीमियर) झाले आणि १९६२ ते १९६८ या काळात शहराच्या पूर्वेकडून ४७ किलोमीटर लांबीचा पूरकालवा खणला गेला. खर्च ६.३ कोटी डॉलर. विरोधकांनी त्याला ‘डफचा चर’ म्हणून हिणवले, आणि आता तेच नाव विनिपेगमध्ये कौतुकाने घेतले जाते. शहराच्या दक्षिणेला नदीपात्रात पाण्याखाली दडलेली दोन दारे आहेत. ती वर उचलली की पाण्याची पातळी वाढते, पाणी कालव्यात शिरते, शहराला वळसा घालते आणि लॉकपोर्टजवळ पुन्हा नदीला मिळते. १९६९ मध्येच त्याचा पहिला उपयोग झाला.

१९९७ ने सगळ्यांची परीक्षा घेतली. हिमवादळांच्या हिवाळ्यानंतर एप्रिलच्या सुरुवातीला आणखी एक वादळ आले. ग्रँड फोर्क्सला ४९ फुटांचा अंदाज देण्यात आला होता, पाणी ५४.३५ फुटांवर गेले. जवळपास सगळे शहर रिकामे करावे लागले. पाण्याने वेढलेल्या मध्यवस्तीत आग लागून ११ इमारती जळाल्या. विनिपेगला मात्र कालव्याने वाचवले. पश्चिमेकडून पाणी शहराला बगल देऊन आत येईल असे लक्षात आल्यावर ब्रुनकिल्डचा सुमारे ४२ किलोमीटरचा बांध काही दिवसांत उभा केला गेला. त्यानंतर कालवा रुंद करण्यात आला आणि त्याची क्षमता सुमारे ७०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराइतकी केली गेली.

या यशाची दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. दारे उचलली की पाणी वरच्या अंगाला तुंबते. १९९७ मध्ये दारांच्या वरच्या अंगाला असलेले ग्रँड पॉइंट बुडाले, सेंट अगाथमध्ये कोणाच्या ध्यानीमनी नसताना पश्चिमेकडच्या शेतांतून पाणी शिरले. कालव्यामुळे वाढलेल्या पाण्याची भरपाई देणारा प्रांतिक कायदा २००४ मध्ये झाला. सपाट जमिनीवर एका गावाला कोरडे ठेवायचे म्हणजे ते पाणी कोणाच्या तरी वाट्याला जाणारच. पेग्विस यांच्या वंशजांनाही तसेच सोसावे लागले. रेडकाठची सेंट पीटर्सची त्यांची सुपीक राखीव जमीन १९०७ मध्ये त्यांच्याकडून काढून घेतली गेली आणि त्यांना उत्तरेला फिशर नदीच्या सखल काठी पाठवले गेले. ते हस्तांतरण बेकायदेशीर होते हे पुढे मान्य झाले, भरपाईही ठरली. पण तिथे वारंवार पूर येतो, आणि २०२२ मध्ये समाजातल्या बऱ्याच लोकांना घरे सोडावी लागली.

फार्गोने २००९ मध्ये ४०.८४ फुटांचा विक्रमी पूर पोत्यांच्या भिंतींवर पेलला. आता तिथेही सुमारे ४८ किलोमीटरचा वळणकालवा खणला जात आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवण्यासाठी बांध आहे. मोठ्या पुरात ज्यांच्या शेतात पाणी थांबवायचे त्यांचा विरोध होता. मिनेसोटाने २०१६ मध्ये परवाना नाकारला आणि बदललेल्या आराखड्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

वळवलेले असो वा न वळवलेले, हे सगळे पाणी अखेर विनिपेग सरोवरात जाते. सरोवरात येणाऱ्या पाण्यात रेडचा वाटा लहान आहे, तिथे पोचणाऱ्या फॉस्फरसमध्ये मात्र निम्म्याहून अधिक. खतावलेल्या शेतांवरून धुऊन आलेले आणि शहरांच्या सांडपाण्यातले हे द्रव्य उन्हाळ्यात सरोवरावर हिरव्या शेवाळाचे थर चढवते. नदीच्या मुखाशी नेटली-लिबाऊची विस्तीर्ण पाणथळ आहे. पूर्वी ती यातले काही शोषून घेई, पण तिच्यातल्या वनस्पती बऱ्याच घटल्या आहेत. तिथल्या पाणकणसाची कापणी करून त्याबरोबर फॉस्फरस बाहेर काढण्याचे प्रयोग संशोधकांनी केले आहेत, आणि वरच्या अंगाला मॅनिटोबात आणि मिनेसोटात वसंताचे पाणी शेतांजवळच अडवून सावकाश सोडणारे साठे बांधले जात आहेत.