पोर्ट्रेट शिकताय? आधी एक जुनं चित्र कॉपी करा

आमच्याकडे ऑइल कलर घ्यायला आलेल्या बहुतेकांना आजोबांचा फोटो रंगवायचा असतो. जरूर रंगवा, पण दुसऱ्या खेपेला. फोटोत उजेड-सावली कॅमेऱ्याने टिपलेली असते. जुन्या चित्रात काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे चित्रकाराने ठरवलेलं असतं. शिकायचं ते तेच.

आम्ही सुरुवातीला सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’ हे चित्र सुचवतो. चित्र साधारण १६६५ चं, हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातलं. मूळ आकार ४४.५ × ३९ सेंमी, त्यामुळे मूळ मापातच करता येतं.

नाकाची पलीकडची कड शोधा. सापडणार नाही. नाक आणि पलीकडचा गाल एकाच उजेडात मिसळून गेलेत, तरी नाक दिसतं! नवशिके तिथे हमखास रेघ ओढतात आणि चेहरा मुखवट्यासारखा होतो. मोत्यालाही बाह्यरेषा नाही, अडकवायची कडी नाही. वर पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बस्स. मागची पार्श्वभूमी आज काळी दिसते. मुळात तिथे हिरव्या पडद्यासारखी छटा होती, ती उडाली. कॉपीत कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवा.

कॅनव्हासवर चौकटी आखून रेखाटन करा. मग फक्त बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढऱ्यात पूर्ण चेहरा उभा करा. लोकांना कंटाळा येतो तो इथेच, पण हा टप्पा टाळलात तर पुढचे महागडे रंग वाया जातात. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत लिनसीड (जवसाचं तेल) थोडं थोडं वाढवत न्यायचं. उलट केलंत तर पुढे भेगा पडतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात थर वाळायला जास्त दिवस लागतात, घाई नको.

व्हर्मीर शिशाचा पांढरा वापरायचा. तो विषारी, म्हणून आम्ही टायटेनियम व्हाइटच देतो. त्याचा निळा लाजवर्द दगडाचा होता. ट्यूबमधला अल्ट्रामरीन कारखान्यात बनतो आणि कॉपीला पुरेसा आहे.

छापील चित्रात रंगाची जाडी कळत नाही. ती पाहायला एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात जा, तिथे राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत.

कॉपी विकलीत तरी हरकत नाही, पण सहीशेजारी ‘व्हर्मीरवरून’ लिहा. आणि लिनसीडने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.