उभ्या गाडीचं वायरलेस चार्जिंग आणि धावत्या गाडीचं

‘वायरलेस चार्जिंग’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एकीत गाडी पार्किंगमधल्या पॅडवर उभी राहून चार्ज होते, दुसरीत रस्त्याखालच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, धावता धावता.

तत्त्व दोन्हींचं सारखंच, आणि ते स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीचंच. खालच्या कॉइलमुळे झपाट्याने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. शेगडीवर त्याने पातेल्याचं बूड तापतं, गाडीखाली दुसऱ्या कॉइलमध्ये वीज तयार होते. म्हणून तर पॅडवर नाणं पडलं तर तेही तापतं, आणि ते हेरून पुरवठा तोडणारी यंत्रणा बसवावी लागते.

पॅडची गोष्ट थोडक्यात संपते. ‘एसएई’ या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं २०२० सालचं जे२९५४ मानक ११ किलोवॅटपर्यंत जातं, म्हणजे तासाला जास्तीत जास्त अकराएक युनिट. गाडी लावताना चार बोटं इकडेतिकडे झाली तर चालतं, फार सरकली की वीज वाया जाते. बॅटरी तेवढीच मोठी आणि गाडीही तितकाच वेळ उभी. वाचतो तो फक्त तार लावायचा कंटाळा!

रस्त्याचं गणित निराळं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या फोर्टीन्थ स्ट्रीटवर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ४०० मीटरचा असा पट्टा सुरू झाला. समजा, अशा पट्ट्यावर गाडीला २० किलोवॅट मिळाले. ताशी ४० च्या वेगाने तो ३६ सेकंदांत संपतो आणि हाती येतं ०.२ युनिट. किलोमीटरला ०.१५ युनिट खाणारी गाडी त्यावर जेमतेम सव्वा किलोमीटर जाईल. हसू येतं खरं, पण ४०० मीटरच्या बदल्यात सव्वा किलोमीटर! रस्त्याचा तिसरा हिस्सा असा असला तर बॅटरीला हातच लावायला नको. वेग वाढवला की मात्र ही कमाई घटते. त्यामुळे एक्स्प्रेसवेपेक्षा ठरलेल्या मार्गावरची, थांबत थांबत जाणारी शहर बस मला याची खरी गिऱ्हाईक वाटते.

दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात २०१३ मध्ये ‘काइस्ट’ संस्थेने हेच केलं. २४ किलोमीटरच्या मार्गावर अशा दोन बस सोडल्या. कॉइल मार्गाच्या थोड्याच भागाखाली, रस्ता आणि बस यांत १७ सेंटीमीटरचं अंतर, आणि बॅटरी नेहमीच्या साधारण एक तृतीयांश. कॉइलचा तो तुकडाही ही बस वर आली तरच जागा होतो. मागून साधी मोटार गेली तर गप्प.