गॅमा स्फोटांचे अंतर: वर्णपटातला ‘किमान’ आकडा

अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी १९६७ साली अवकाशातून आलेला गॅमा किरणांचा पहिला स्फोट टिपला, जाहीर झाला तो १९७३ मध्ये. मग चोवीस वर्षे एकच वाद: हे आपल्या आकाशगंगेभोवती घडते की अब्जावधी प्रकाशवर्षे दूर? गॅमा किरणांच्या वर्णपटात अंतर सांगणारी रेषाच मिळत नव्हती.

कोंडी फोडली बेप्पोसॅक्स उपग्रहाने. त्याच्या क्ष-किरण कॅमेऱ्यांनी स्फोटाची जागा काही तासांत काही कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणून दिली. ८ मे १९९७ च्या स्फोटाचा आफ्टरग्लो, म्हणजे मागे उरलेला मंदावत जाणारा प्रकाश, ११ मे रोजी हवाईच्या केक-२ दुर्बिणीने पकडला. मॅग्नेशियमची जोडरेषा मुळात २७९६ आणि २८०३ अँगस्ट्रॉम (१ मायक्रॉन म्हणजे १०,००० अँगस्ट्रॉम) तरंगलांबीवर असते; इथे ती ५१३१ आणि ५१४४ च्या आसपास दिसली. भागाकार १.८३५, म्हणून ताम्रसृती, म्हणजे विश्वप्रसरणाने तरंगलांबीत झालेली वाढ, ०.८३५; ती जितकी जास्त तितके अंतर जास्त. एकटी रेषा कुठल्याही मूलद्रव्याची असू शकते; जोडीतल्या गुणोत्तराने ओळख पटते.

खरी मेख पुढे आहे. या शोषणरेषा, म्हणजे वायूने प्रकाश गिळल्याने उमटलेल्या काळ्या रेषा; त्या वायूचे अंतर सांगतात, स्फोटाचे नाही. त्याच वर्णपटात ०.७६७ वरही रेषा होत्या. स्फोट ०.८३५ च्या वायूत किंवा त्यामागे, पण किती मागे? फार दुरून येणाऱ्या प्रकाशात वाटेतला हायड्रोजन लायमन-अल्फा शोषणरेषांची दाटी उमटवतो; ती दिसली नाही, म्हणून २.३ च्या आत, एवढेच तेव्हा सांगता आले. यजमान दीर्घिकेच्या, म्हणजे स्फोट जिथे झाला त्या दीर्घिकेच्या, ऑक्सिजन उत्सर्जनरेषेने ०.८३५ वर शिक्कामोर्तब नंतर केले. आता लोहाच्या उत्तेजित पातळ्यांवरच्या रेषा शोधतात: स्फोटाच्या अतिनील माऱ्याने जवळचाच वायू तसा उत्तेजित होतो, वाटेतला नव्हे.

घाई मात्र अटळ. तेज साधारण काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. तासाभरानंतरचा आफ्टरग्लो दिवसाने सुमारे साडेतीन प्रतींनी, म्हणजे चोवीस पटींनी, मंद. २००४ च्या स्विफ्ट उपग्रहाने जागा काही मिनिटांत कळू लागली. एप्रिल २००९ च्या स्फोटाची ताम्रसृती ८.२ निघाली, लायमन-अल्फाची कडा, जिच्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळतो, १.१ मायक्रॉनपलीकडे गेली, दृश्य प्रकाशात काहीच उरले नाही.

त्या अवरक्त पट्ट्यासाठी कुलाब्याच्या टीआयएफआरच्या सहभागाने बनलेला टॅनस्पेक हा वर्णपटमापक उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर आहे: ०.५५ ते २.५ मायक्रॉन. पवईच्या आयआयटीचा सहभाग असलेली लडाखमधल्या हानलेची ०.७ मीटर दुर्बीण आफ्टरग्लो हुडकून तेज मोजते; वर्णपटाला मोठा आरसाच हवा. टॅनस्पेकमध्ये मॅग्नेशियमची जोडी ताम्रसृती १ च्या आसपासून आत येते, पण ४ जवळ १.४ मायक्रॉनच्या बाष्पपट्ट्यात, जिथे हवेतले बाष्प प्रकाश शोषते, बुडते. तिथे ६०८० अँगस्ट्रॉमवरची लायमन-अल्फाची कडा कामी येते, अर्थात आफ्टरग्लो पुरेसा तेजस्वी असेल तर.